मदत हवी आहे: ईपीएस-९५ची (१९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना) वाढीव पेन्शन. पीएफमधले १८ लाख पेन्शन फंडात वळवावेत का?

नमस्कार मंडळी,

वाढीव पेन्शनच्या डिमांड लेटरबद्दल विचारायचं आहे. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत रोज यावरच वाद चालतो, निष्पन्न काही होत नाही.

आधी माझी माहिती. राहायला भांडुप, नोकरी अंधेरी एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत, १९९७ पासून तीच. कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट नाही, पैसे पहिल्यापासून ईपीएफओकडे (सरकारी पीएफ संघटनेकडे) जातात. पीएफ पूर्ण बेसिक अधिक डीएवर कापला जातो. येत्या ऑक्टोबरात ५८ पूर्ण होतील. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर वाढीव पेन्शनसाठी जो ऑनलाइन अर्ज भरायचा होता तो ११ जुलै २०२३ च्या मुदतीच्या आत भरला. कंपनीने तो यथावकाश पुढे पाठवला आणि आता पत्र आलंय: पीएफ खात्यातून साधारण १८ लाख पेन्शन फंडात वळवायला संमती द्या.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, पण ते पगाराच्या मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार आहे, त्याआधी साडेसहा हजार होती. म्हणजे पगार लाखभर असला तरी महिन्याला १२५० रुपयेच तिकडे जातात आणि उरलेले पीएफमध्ये साठतात. वाढीव पेन्शन घ्यायची तर पूर्ण पगारावरचे ८.३३ टक्के द्यावे लागतात, मागच्या सगळ्या वर्षांचे, व्याजासकट. शिवाय २०१४ नंतरच्या काळासाठी १५ हजारांवरच्या पगारावर १.१६ टक्के जादा. तो मालकाच्या वाट्यातूनच जातो, पण शेवटी कमी होतो तो माझा पीएफ.

सूत्र सोपं: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, माझी ८४ हजार येते. सेवा २९ वर्षं, वीस वर्षांच्या वर गेल्याबद्दल दोन वर्षं बोनस, म्हणजे ३१.

आता गंमत बघा. काहीच केलं नाही, जुन्या मर्यादेवर राहिलो, तर मला साडेचार हजारांच्या आसपास पेन्शन बसते. वाढीव घेतली आणि सूत्र सरळ लावलं तर ३७ हजार. पण ईपीएफओ १ सप्टेंबर २०१४ च्या आधीची आणि नंतरची सेवा वेगवेगळी मोजतं, ज्याला प्रो-राटा म्हणतात. आधीच्या सतरा वर्षांना तेव्हाचा, म्हणजे चाळीस हजारांच्या घरातला पगार धरला तर आकडा २७ हजारांवर येतो. एका फटक्यात दहा हजार गेले! पत्रात भरायची रक्कम पैशापर्यंत आहे, मिळणारी पेन्शन मात्र कुठेच लिहिलेली नाही. मला तरी हे विचित्र वाटतं.

आता खरी अडचण. पीएफमधले १८ लाख माझे आहेत, माझ्या नावाने आहेत, माझ्यामागे बायकोला मिळतील. पेन्शन फंड हा सामायिक हौद आहे. त्यात गेलेलं पाणी कुणाचं ते ओळखता येत नाही. पूर्वी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेता यायचे, मृत्यूनंतर भांडवल परत मिळण्याचा पर्यायही होता. सप्टेंबर २००८ मध्ये दोन्ही बंद केले. आज मी गेलो तर बायकोला माझ्या पेन्शनच्या निम्मी मिळेल, आणि ती गेल्यावर विषय संपला. मुलगी पंचविशीच्या पुढे आहे, तिला काही नाही.

बरं, या फंडात तूट असल्याचं त्यांचे स्वतःचे मूल्यांकन अहवालच सांगत आलेत. सरकार घालतं ते १.१६ टक्के, तेही १५ हजारांपर्यंतच्या पगारावर. आणि योजनेच्या ३२ व्या परिच्छेदात चक्क लिहिलंय की मूल्यांकनानंतर केंद्र सरकार वर्गणीचे आणि लाभांचे दर बदलू शकतं.

महागाईचं तर नावच नको. वडील लालबागच्या गिरणीत होते. आईला आज दरमहा हजार रुपये येतात. २०१४ मध्ये किमान पेन्शन हजार केली, तेव्हापासून तेवढेच. बायको राज्य सरकारी नोकरीत आहे, नोव्हेंबर २००५ नंतर लागल्यामुळे जुनी पेन्शन हुकली, २०२३ च्या मार्चमधल्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत तीही होती. त्यांच्या मागणीत निदान महागाई भत्त्याचा मुद्दा तरी आहे आणि सरकारला कधी ना कधी ऐकावं लागतं. आमच्या २७ हजारांना वीस वर्षांनी काय किंमत असेल? (बायकोच्या पर्यायांचा वेगळा धागा काढेन, इथे नको.)

तर प्रश्न असे:

१. संमती द्यावी की पैसे पीएफमध्ये राहू देऊन ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकावेत? तिथे सध्या ८.२ टक्के आहे, १८ लाखांवर महिन्याला साधारण १२,३०० पडतात आणि मुद्दल शाबूत राहतं.
२. फंड पुढे तोकडा पडला तर चालू पेन्शन कमी करतील का?
३. ५८ ला पेन्शन सुरू न करता ६० पर्यंत थांबलं तर वर्षाला चार टक्के वाढ मिळते. थांबावं का?

कृपया ‘सरकारवर विश्वास ठेवू नका’ किंवा ‘सरकारवर विश्वास ठेवा’ एवढंच लिहू नका, ते ऑफिसात ऐकून झालंय.

मुलुंडकर यांचं उत्तर:

तुमची तुलना अर्धीच झाली आहे. वाढीव पेन्शनमुळे जादा मिळणार आहेत ते २७ हजार वजा साडेचार, म्हणजे २२ हजार धरू. आता असं बघा: तेच १८ लाख ८.२ टक्क्यांनी ठेवून दरमहा २२ हजार काढत गेलात तर पैसे बरोबर दहा वर्षांत संपतात. तुम्ही असाल ६८ चे. पेन्शन त्यानंतरही चालू राहते, तुमच्या मागे वहिनींना निम्मी. त्यामुळे प्रश्न फंडापेक्षा तब्येतीचा जास्त आहे. घरात आयुर्मान कसं आहे, मधुमेह-बीपी काय म्हणतंय, वहिनी तुमच्याहून किती लहान आहेत, ते आधी बघा.

एक सांगायचं राहिलं. पीएफचे पैसे हातात येतात ते करमुक्त, पेन्शन मात्र पगारासारखी करपात्र. तुमचं बाकीचं उत्पन्न किती त्यावर हे थोडं इकडेतिकडे होईल.

आकडेमोड यांचं उत्तर:

तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे: थांबू नका. २७ हजारांचे दोन वर्षांत २९,२०० होतील. दरम्यान सोडलेली पेन्शन साडेसहा लाख. महिन्याला २,२०० जादा मिळून ती भरून निघायला चोवीस वर्षं लागतात. ज्याला ५८ नंतर दुसरी चांगली नोकरी आहे आणि हातात पैसा नको आहे, त्याने विचार करावा.

दुसऱ्याबद्दल: परिच्छेद ३२ चा अधिकार खरा आहे. पण सुरू झालेली पेन्शन कमी करणं कुठल्याही सरकारला परवडत नाही. आजवर जे झालं ते पुढच्यांच्या बाबतीत झालं: सरासरी १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांची केली, एकरकमी पर्याय काढला, प्रो-राटा आणली. ६० महिने तर न्यायालयानेही मान्य केले. त्यामुळे जायचं तर तुम्ही आत्ता जाताय हे बरंच आहे, दहा वर्षांनी निवृत्त होणाऱ्याला मी एवढ्या खात्रीने सांगणार नाही. तुमचा धोका बुडण्याचा नाही, रक्कम गोठण्याचा आहे. तो टाळायला पीएफमधले उरलेले पैसे आहेत ना? सगळे तर जात नाहीयेत.

निवृत्त_ठाणे यांचं उत्तर:

मी गेल्या वर्षी या सगळ्यातून गेलो. संमती देण्याआधी कंपनीकडून महिनावार पगाराचा तक्ता मागून घ्या आणि डिमांडच्या हिशोबाशी ताडून बघा. बिनपगारी दिवस जास्त लागलेत का तेही तपासा, सेवेची वर्षं तिथेच कमी होतात. माझ्या तक्त्यात दोन वर्षांचा पगार आधीच्याच आकड्यावर थांबलेला होता, कंपनीने दुरुस्त करून दिला. अपेक्षित पेन्शन किती हे पीएफ कार्यालयाला लेखी विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका. आणि उत्तराची वाट बघताना पत्रातली मुदत उलटणार नाही एवढं सांभाळा.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. दहा वर्षांचा हिशोब मी या बाजूने केलाच नव्हता. बायको माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे, आणि माझी आजी नव्वदीत गेली, त्यामुळे कल संमतीकडे झुकतोय. ६० पर्यंत थांबायचा विचार सोडला.

@निवृत्त_ठाणे, तक्ता उद्याच एचआरकडे मागतो. एक विचारायचं होतं: १९९७ ते २००५ चे आमच्या कंपनीचे पगाराचे रेकॉर्ड कागदी आहेत आणि त्यातले काही २६ जुलैच्या पुरात भिजले. त्या वर्षांचा पगार सिद्ध करायला तुमच्याकडे काय चाललं? जुने फॉर्म ३-ए (महिनावार पगार आणि वर्गणी दाखवणारं वार्षिक पीएफ कार्ड) माझ्याकडे थोडे आहेत, सगळे नाहीत. पीएफच्या वार्षिक स्लिपवरून वर्गणी उलट मोजून पगार दाखवला तर मान्य करतात का?