मातीत पुरलं की विरघळतंच असं नाही

बऱ्याच जणांना वाटतं की बायोप्लास्टिक मक्यापासून करतात, म्हणजे मातीतले बॅक्टेरिया ते आपोआप खाऊन टाकतील. पीएचबी नावाच्या बायोप्लास्टिकच्या बाबतीत हे बरंचसं पटतं, कारण ते मुळात बॅक्टेरियाच स्वतःच्या पेशीत साठवून ठेवतात, आपल्या अंगावरच्या चरबीसारखं, १९२६ मध्ये लेमोइन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते दाखवलं होतं. त्यामुळे ते तोडणारी एन्झाइम्स मातीत सर्रास सापडतात. पण बाजारात मिळणारे बायोप्लास्टिकचे पारदर्शक ग्लास बहुतेक पीएलएचे, म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिडचे रेणू जोडून केलेल्या प्लास्टिकचे असतात आणि तिथे गाडी अडते. मी असा एक ग्लास गच्चीवरच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकला होता, आठ महिन्यांनी खत चाळताना तो जसाच्या तसा निघाला, कडेला माती चिकटलेली, धुतल्यावर पुन्हा चकचकीत! पीएलए साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, मग पाणी आत शिरून त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, आणि घरच्या ड्रममध्ये एवढी उष्णता टिकतच नाही.

तरी आशा आहे हो. १९९७ मध्ये जपानमधल्या संशोधकांना मातीतच अमायकोलॅटॉप्सिस जातीचा पीएलए खाणारा बॅक्टेरिया सापडला. आणि गंमत म्हणजे त्याला रेशमाचं प्रोटीन दिलं की तो पीएलए तोडणारं एन्झाइम जास्त सोडतो, कारण रेशमातलं अ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल आणि पीएलएमधलं लॅक्टिक अ‍ॅसिड यांची ठेवण बरीच सारखी आहे, म्हणजे रेशीम तोडायची हत्यारंच इथे कामी येतात. मला तर हे वाचून फार भारी वाटलं होतं. पण असे बॅक्टेरिया प्रत्येक मातीत नसतात, म्हणून सध्या तरी पीएलएचे ग्लास घरच्या खतात टाकू नका.