मदत हवी आहे: आयसोल्यूसिननं व्हॅलिनला दारातच अडवलं की आत जाऊन पेशी वाचवली?

नमस्कार. अमळनेर तालुक्यात एका कॉलेजात बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी शिकवते. अमिनो आम्लं जिवाणूच्या पेशीत शिरतात हे मुलांना डोळ्यांनी दाखवायचं होतं. त्यांचा माग काढायला लागणारी किरणोत्सारी रसायनं आम्हाला मिळणार नाहीत, म्हणून व्हॅलिन या अमिनो आम्लाचा प्रयोग घेतला.

मिनिमल अगारवर (यात अमिनो आम्लं नसतात, जिवाणूला ती स्वतः बनवावी लागतात) ई. कोलाय के-१२ हा प्रयोगशाळेतला जिवाणू पसरवला आणि व्हॅलिनमध्ये भिजवलेली कागदी चकती मधोमध ठेवली. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती वाढ नसलेलं स्वच्छ वर्तुळ! व्हॅलिन आत जातं, आयसोल्यूसिन हे दुसरं अमिनो आम्ल बनवणारं एक एन्झाइम अडवतं आणि पेशीची उपासमार होते. (गेल्या वर्षी सांडपाण्यातून वेगळा केलेला ई. कोलाय वापरला होता, तेव्हा वर्तुळ आलंच नाही आणि आठवडाभर मी माध्यमालाच दोष देत राहिले. तेच काम करणारं, पण व्हॅलिनला न जुमानणारं जोड-एन्झाइम के-१२ मध्ये जनुकातल्या बिघाडामुळे बंद असतं, म्हणून हाच स्ट्रेन (वाण) लागतो.)

मग शेजारी आयसोल्यूसिनची चकती ठेवली. त्या बाजूनं वाढ भरून आली, वर्तुळाची चंद्रकोर उरली.

इथेच पांझरेकाठच्या एका मुलीनं विचारलं. तिच्या गावाला फडाचं पाणी (बंधाऱ्याचं, सामाईक वाटपाचं), पाटावर बारी म्हणजे पाळी लावून मिळतं. ल्यूसिन, आयसोल्यूसिन, व्हॅलिन ही तिन्ही पेशीच्या दाराशी अमिनो आम्लं पकडणाऱ्या लिव्ह-जे या एकाच बंधक प्रथिनाला चिकटतात आणि एटीपी (पेशीची ऊर्जा) खर्चून आत घेतली जातात, हे मी शिकवलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, आयसोल्यूसिननं व्हॅलिनची बारी अडवली, की आत जाऊन उपाशी पेशीला जेवू घातलं?"

मला उत्तर देता आलं नाही. ल्यूसिनची चकती ठेवून बघू का? ते त्याच दारानं जातं, पण आयसोल्यूसिनची उणीव भरून काढत नाही. कोणी असं करून पाहिलंय का?

प्रतिसाद:
ताई, ल्यूसिनची चकती ठेवाच. व्हॅलिनचा त्रास कमी झाला, तर दाराकडचा अडथळा दिसेल. फक्त एक लक्षात ठेवा, ल्यूसिन या वाहकांची (आत नेणाऱ्या प्रथिनांची) जनुकंही दाबतं, त्यामुळे ती निव्वळ बारीची मारामारी नसेल.

आतलं काम वेगळं पाहायचं तर व्हॅलिनऐवजी ग्लायसिल-व्हॅलिन द्या. हे डायपेप्टाइड (दोन अमिनो आम्लांची जोडी) दुसऱ्याच वाहकानं आत शिरतं आणि आत गेल्यावर तुटून व्हॅलिन मोकळं होतं. तिथे आयसोल्यूसिननं अडवावं असं व्हॅलिन दारात नसतंच. तरीही चंद्रकोर आली, तर तुमच्या मुलीला सांगा की जेवू घातलं.