सुधारगृहातल्या मुलांशी एचआयव्हीबद्दल कसं बोलायचं?

प्रश्न: मी सुधारगृहात १६-१७ वर्षांच्या मुलांचं आठवड्यातून एकदा सेशन घेते. एचआयव्ही कसा होतो विचारलं की उत्तरं तोंडपाठ, पण एक मुलगा बारीक झालाय तर जेवायला त्याच्या शेजारी कोणी बसत नाही आणि हीच पोरं रात्री एकाच सुईने टॅटू काढतात, का तर म्हणे लायटरवर धरली की झालं. धडधाकट दिसतो त्याला काही नसतं हे तर सगळ्यांचं ठाम मत. आजाराचे भयानक फोटो दाखवले, दोन दिवस गप्प बसली, परत तेच. माझं काय चुकतंय?

उत्तर १: ताई, आधी ते फोटो बंद करा. फोटोतला माणूस शेवटच्या अवस्थेतला असतो, म्हणून पोरांना वाटतं एचआयव्ही असला की दिसतोच. खरंतर औषध न घेताही कित्येक वर्षं काहीच दिसत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत लोक टीबीच्या फुकट तपासणीलाही का येत नाहीत हे शोधताना हेल्थ बिलीफ मॉडेल, म्हणजे माणूस तब्येतीसाठी पाऊल कधी उचलतो हे सांगणारा सिद्धांत, तयार झालं. आजार गंभीर आहे एवढं कळून भागत नाही, 'मला होऊ शकतो' हे पटावं लागतं आणि 'टाळणं मला जमेल' असंही वाटावं लागतं. तुमची पोरं 'मला होऊ शकतो' यावरच अडकलीत.

उत्तर २: मी १७ व्या वर्षी आत होतो. टॅटू म्हणजे तू आमच्यातला याची खूण, नाही म्हटलं की तू एकटा पडलास, आणि तिथे एकटं पडणं काय असतं ते बाहेरच्यांना नाही कळत. सुई वाईट हे माहीत होतं हो, नाही कसं म्हणायचं ते कोणी शिकवलं नाही. तपासणीलाही कोणी जायचं नाही, रिपोर्ट सगळ्या बराकीला कळेल ही भीती.

उत्तर ३: नर्स आहे. लायटरने सुई सुरक्षित होत नाही, त्यातून हेपटायटिस बी आणि सी पण पसरतो. सुई टोचली किंवा कोणी जबरदस्ती केली तर ७२ तासांच्या आत पीईपी, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायचं औषध, सुरू करायचं, जितक्या लवकर तितकं चांगलं, गोळ्या २८ दिवस. पोरांना हे माहीतच नसतं. तपासणी मर्जीने आणि रिपोर्ट गुप्त, हा त्यांचा हक्क आहे. कैद्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतही बाहेर मिळते तशीच आरोग्यसेवा आत मिळायला हवी असं आहे. आणि त्या बारीक मुलाच्या शेजारी तुम्ही स्वतः जेवायला बसा ताई.

प्रश्नकर्ती: बसते. आणि रात्री कोणी मुलगा घाबरत येऊन सांगायला लागला तर त्याला डॉक्टरकडे कोण नेणार, हे उद्याच अधीक्षकांना विचारते.