पित्तनलिकेच्या कर्करोगावर नवी औषधे इतकी सावकाश का येतात?

सुमेधा:
माझ्या मावशीला यकृताच्या आतील पित्तनलिकेचा कर्करोग झाला असून तो पसरल्यामुळे शस्त्रक्रिया शक्य नाही. जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिनची केमो सुरू आहे. डॉक्टरांनी जनुकीय चाचणी सुचवली आहे. मात्र ती महाग आहे आणि तिच्यातून उपयोगी काही निघेलच असे नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. या आजारावर नवे औषध काढणे इतके अवघड का आहे, आणि ही चाचणी करावी का?

निखिल (औषध संशोधन):
सुमेधाताई, मावशींना सुरू असलेली औषधांची जोडी २०१० मध्ये ब्रिटनमधील एबीसी-०२ चाचणीनंतर रूढ झाली. ४१० रुग्णांच्या त्या चाचणीत नुसत्या जेमसिटाबिनवर रुग्णांचा मध्यक जीवनकाल (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ८.१ महिने होता, तर जोडीवर तो ११.७ महिने झाला. या जोडीला ड्युरव्हॅल्युमॅब या इम्युनोथेरपीची (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढू देणाऱ्या औषधाची) साथ मिळायला २०२२ साल उजाडले. मध्यकात वाढ थोडीच झाली, परंतु दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेले, आणि मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. मावशींना हे औषध देता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

मुळात हा आजार दुर्मीळ, त्यात तो जनुकीयदृष्ट्या एकसारखा नाही. यकृताच्या आतील प्रकारात साधारण १० ते १५ टक्के रुग्णांत एफजीएफआर-२ जनुकाची जोडणी (ते जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला जोडले जाणे) आढळते, आणि जवळपास तितक्यांतच आयडीएच-१ या दुसऱ्या जनुकात बदल असतो. त्यामुळे एका औषधाच्या चाचणीसाठी शंभर रुग्ण मिळवायचे, तरी कित्येक देशांत अनेक पट रुग्ण तपासावे लागतात. २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या पेमिगॅटिनिब या एफजीएफआर-२ रोखणाऱ्या औषधाच्या मंजुरीचा मुख्य आधार त्या जनुकाची जोडणी असलेले १०७ रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. पुढे गाठीतल्या पेशी त्याच जनुकात नवे बदल करून औषधाला दाद देईनाशा होतात. फ्युटिबॅटिनिब हे त्याच प्रकारचे दुसरे औषध या जनुकाच्या प्रथिनाला कायमचे चिकटते, म्हणून त्यांपैकी काही बदलांवर ते चालते.

वैशाली (पॅथॉलॉजी):
चाचणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, पण पैसे भरण्याआधी बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) पाहून घ्यावा. या गाठीत तंतुमय ऊती पुष्कळ आणि कर्करोगाच्या पेशी विरळ असतात. सुईने काढलेल्या दोऱ्याएवढ्या तुकड्याचे बरेचसे काप निदानातच संपतात. उरलेला नमुना पुरेसा आहे का, आणि चाचणीत आरएनएचाही समावेश आहे का, हे दोन्ही विचारा, कारण केवळ डीएनए तपासल्यास जनुकांची जोडणी निसटू शकते.

सुमेधा:
ब्लॉक आधीच्या रुग्णालयात आहे. तो आम्हाला मिळेल का?

वैशाली:
सहसा मिळतो. बायोप्सीच्या अहवालावरील क्रमांक घालून तिथल्या पॅथॉलॉजी विभागाकडे लेखी अर्ज करा. ब्लॉकबरोबर स्लाइड्सही मागून घ्या आणि प्रवासात ब्लॉक उन्हात तापू देऊ नका.