हसा, पण गोळ्या बंद करा म्हणू नका!

हास्यप्रेमी: कोल्हापुरात रंकाळ्यावर रोज सकाळी अर्धा तास खळखळून हसा. बीपी, शुगर, दमा सगळं पळतंय. गोळ्या हळूहळू बंद करा.

फिजिओताई: ही पोस्ट ग्रुपाग्रुपांत फिरतीय म्हणून लिहावं लागतंय. हसताना पोटाचे स्नायू झटके देत हवा बाहेर फेकतात, छातीतला दाब वाढतो, नाडी आणि बीपी त्या घटकेला वर जातात. हसू ओसरलं की अंग सैल पडतं आणि बीपी उतरतं, पण थोड्या वेळापुरतं. गोळीचं काम रात्रंदिवस चालतं. काही गोळ्या, उदाहरणार्थ नाडी मंद ठेवणारे बीटा ब्लॉकर, अचानक सोडल्या तर नाडी आणि बीपी उसळी मारतात. आणि दमा? ज्याचा दमा ताब्यात नाही त्याला जोरात हसूनच धाप लागू शकते!

हास्यप्रेमी: ताई, तुम्हाला हसायला पैसे पडतात काय? डॉ. मदन कटारियांनी 1995 ला मुंबईत पाच माणसांवर हास्यक्लब सुरू केला, आज देशोदेशी चाललाय. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबर आणि त्यांच्या लोकांनी 2012 ला दाखवलं, चारचौघांत हसल्यावर माणूस दुखणं जास्त सोसतो.

पेठेतला वकील: दुखणं सोसतो, बरोबर. हाताला गार किंवा आवळणारा पट्टा गुंडाळून तेच मोजलं होतं. बीपीची गोळी कुणी सोडवली नव्हती. आणि ते विनोद बघून आलेलं हसू होतं, तुमचं ठरवून केलेलं 'हो हो हा हा' नव्हे. 10-15 मिनिटं हसून 10 ते 40 कॅलरी जातात. तुमची मंडळी तिथनं उठून गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं दूध मारतात. पाव लिटरला अडीचशेच्या आसपास कॅलरी. करा हिशेब.

कट्टेकरी: दुधाला मधी आणायचं काम न्हाई! डोळ्यादेखत पिळलेलं, पाण्याचा थेंब न्हाई. कोल्हापूरच्या तालमी ह्याच दुधावर उभ्या हाईत.

फिजिओताई: पैलवान जोर-बैठका मारून पितो, हसून नव्हे. शिवाय पाणी नसलं म्हणून जंतू नसतात असं कुणी सांगितलं? ब्रुसेला आणि टीबीचे जंतू धडधाकट दिसणाऱ्या म्हशीच्या दुधातही असू शकतात. डेअरीत 72 अंशांवर 15 सेकंद तापवतात. घरी ढवळत चांगली उकळी आणली की झालं.

कट्टेकरी: उकळलं की फेस गेला, चव गेली. एवढ्या पिढ्या पिऊन मेल्या व्हय? पिशवीतलं तुम्हीच प्या, पुण्याला जाऊन.

पेठेतला वकील: मेल्या नाहीत, कण्हल्या. ब्रुसेलानं आठवडेच्या आठवडे चढ-उतार करणारा ताप, सांधेदुखी, पुरुषांना अंडकोषाची सूज. टायफॉइड समजून भलतंच औषध चालतं. दूध कच्चं पिता हे डॉक्टरला सांगितलं तरच नेमकी तपासणी होते.

कट्टेकरी: बरं बरं, शहाण्यांनो. पोराबाळांना आणि पोटुशा बायकांना उकळूनच देतो. आमचा ग्लास मात्र कट्ट्यावरच.

हास्यप्रेमी: अहो, धागा हसण्याचा हाय! मग हसायचंच न्हाई का?

फिजिओताई: हसा की. हर्निया असेल, किंवा पोटाचं, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर पोट धरून हसणं टाळा. बाकीच्यांनी 10-15 सेकंद हसायचं, मग दोन सावकाश श्वास, मग पुढचा फेरा. एका दमात ओढत राहिलं की हृदयाकडं परतणारं रक्त कमी पडतं आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. आली की लगेच खाली बसा. हसताना लघवी निसटते म्हणून बायका गुपचूप क्लब सोडतात, त्यावर कुणी बोलत नाही. लघवी अडवताना आवळतो ते स्नायू 5 सेकंद आवळायचे, तेवढेच सोडायचे, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. सराव लघवीला बसल्यावर करू नका. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. आणि बीपी हसून उठल्या उठल्या मोजू नका, पाच मिनिटं टेकून बसा, मग पट्टा बांधा.

हास्यप्रेमी: 'गोळ्या बंद' एवढं खोडतो. तुमच्या समाधानासाठी. शुगरचं मात्र ठेवणार.

पेठेतला वकील: ठेवा. कट्ट्यावरच्या ग्लासात साखर किती टाकता तेही लिहा.

कट्टेकरी: परत दूध!