नळाच्या मुठीतून पाणी गळतंय, मदत हवी आहे

ओसरी
स्वयंपाकघरातल्या नळाच्या मुठीतून पाणी गळतंय. मूठ घट्ट पिळून पाहिली, फरक नाही. प्लंबर 'येतो येतो' म्हणतो आणि उगवत नाही. घरात पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि टेफ्लॉन टेप आहे. टेप नक्की कुठे गुंडाळायची? यूट्यूबवर जो तो वेगळाच नळ उघडून बसलाय. रविवारी पाहुणे आहेत, प्लीज लवकर सांगा.

नटबोल्ट
नळ कुठल्या प्रकारचा? मूठ गोलगोल फिरवावी लागते की पाव वेढ्यात पूर्ण उघडतो? आणि गळतो कधी, चालू असताना की बंद असताना?

ओसरी
साधा नळ आहे हो. स्टीलचा. सिंकवरचा.

नटबोल्ट
स्टीलसारखा दिसणारा बहुधा क्रोम चढवलेला पितळी असतो, पण ते जाऊ दे. माझे दोन्ही प्रश्न अजून तसेच आहेत.

गुळांबा
एवढं कशाला? एम-सील मळा आणि मुठीच्या बुडाशी थापा. आमच्या टाकीच्या पाइपला लावलंय, अजून दगडासारखं आहे.

कर्जत_लोकल
गुळांबा, पाइप फिरत नाही, मूठ फिरते. ते दगडासारखं झालं की नळ एकतर जन्मभर चालू नाहीतर जन्मभर बंद.

गुळांबा
फिरणाऱ्या भागाला लावायचं नाही हे सांगायला लागतं का?

कर्जत_लोकल
अहो, गळतंय तेच मुळी फिरणाऱ्या भागातून!

तिरफळ
प्लंबरची वाट बघा, स्वतः उघडू नका. आमच्या म्हापशाच्या बिल्डिंगमध्ये येतो तो ओडिशाचा, केंद्रपाड्याचा. देशभर प्लंबिंग करणारे कितीतरी लोक त्याच जिल्ह्यातले आहेत. तिथे पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थासुद्धा आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचं काम आहे ते.

ओसरी
तिरफळ, छान माहिती, पण माझा प्लंबर केंद्रपाड्याला गेला असला तरी मला काय उपयोग? बरं, सांगते. नळ चालू केला की मुठीखालून ओघळतं, बंद केला की थांबतं. पाव वेढ्याचा आहे.

नटबोल्ट
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. बंद नळाच्या तोंडातून थेंब पडत असते तर वायसर किंवा आतली सिरॅमिक डिस्क गेली म्हणालो असतो. तुमच्याकडे बंद होणं व्यवस्थित आहे. चालू केल्यावर पाणी स्पिंडलच्या (मुठीखालचा, पाणी उघड-बंद करणारा भाग) दांड्यापर्यंत चढतं आणि तिथली रबरी ओ-रिंग झिजली की मुठीखालून बाहेर येतं. म्हणून मूठ पिळून काही होत नाही, उलट डिस्क खराब होईल.

आधी नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ती क्षारांनी भरलेली असणार. पुढे वाट तुंबली की आत दाब वाढतो आणि पाणी वरून फुटतं. जाळी व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा. तेवढ्याने भागलं नाही तर स्पिंडल बदला. टेप कुठेच लागत नाही. टेप नळ भिंतीत बसवताना त्याच्या आट्यांवर गुंडाळतात.

जुना_पाना
टेप लागत नाही असं सरसकट कसं म्हणता? दांड्याभोवतीचा ग्लँडचा नट उघडायचा, टेप पिळून दोरी करायची, दांड्याभोवती दोन वेढे द्यायचे आणि नट कसायचा. पूर्वी तेल लावलेली सुतळी घालायचो. वर्षानुवर्षं थेंब गळत नाही.

नटबोल्ट
गोल फिरणाऱ्या जुन्या नळाला अगदी बरोबर. पाव वेढ्याच्या स्पिंडलमध्ये तशी जागाच नसते.

जुना_पाना
म्हणूनच जुने नळ चांगले. वाट्टेल तेवढे दुरुस्त करा. आता सगळं फेका आणि नवीन आणा.

पाणीदार
गळतीचा विषय निघालाय तर सांगतो, आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत साठवा. फरशी पुसायला, संडासात ओतायला चालतं.

ओसरी
आमच्याकडे आरओ नाही. जाळी काढली, आत खडेच खडे होते. आता ओघळ बारीक झालाय, पण थांबला नाही. म्हणजे स्पिंडलच. पाणी कुठून बंद करू? सिंकखाली कॉक नाहीये.

नटबोल्ट
नळ भिंतीतला असेल तर सिंकखाली नसतोच. स्वयंपाकघराच्या भिंतीत वर गोल चकतीचा कॉक असतो, नाहीतर बाथरूमच्या डक्टमध्ये किंवा गच्चीवरच्या टाकीपाशी. तिथला फिरवाल तर आधी कोणती लाइन कोणाची ते विचारा, नाहीतर शेजारी साबण लावून उभे राहतील.

मग मूठ काढून स्पिंडल पान्याने सोडवायचा, पक्कडीने नाही. पक्कडीने प्लेटिंग सोलतं. दुसऱ्या हाताने नळ घट्ट धरा. सगळा जोर भिंतीतल्या पाइपवर गेला आणि तो सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा असला तर फिटिंगला तडा जाईल. जुना स्पिंडल दुकानात घेऊन जा. दात्यांची संख्या, उंची, सगळं वेगवेगळं असतं, शिवाय उजवीकडे आणि डावीकडे उघडणारे वेगळे येतात. नुसतं 'अर्ध्या इंचाच्या नळाचा द्या' म्हणालात तर हमखास भलताच मिळेल.

कर्जत_लोकल
+१. कंपनीचं नाव नळावर कोरलेलं असतं, त्याचा फोटोही काढून न्या.

गुळांबा
एवढा खटाटोप करण्यापेक्षा अख्खा नळच बदला ना.

ओसरी
गुळांबा, तुम्हीच का बदलून देत नाही? नटबोल्ट, कॉक सापडला, पाणी बंद केलं. पण मुठीला स्क्रूच नाही. मधली टिकलीही नाही, वरून सगळं गुळगुळीत. फक्त मागच्या बाजूला बारीक भोक आहे.

नटबोल्ट
त्या भोकातच स्क्रू आहे. स्क्रू ड्रायव्हरने येणार नाही, ॲलन की लागेल, बहुधा अडीच किंवा तीन मिलिमीटरची. घरी सायकल असेल किंवा कपाट जोडताना त्याच्याबरोबर आलेली एखादी किल्ली ड्रॉवरमध्ये पडली असेल तर बघा. नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात सेट मिळतो. स्क्रू सैल करायचा फक्त, पूर्ण काढू नका. आणि सिंकच्या भोकावर फडका टाका, स्क्रू पडला तर सापडायचा नाही.