नीटच्या पेपरात लाइट गेली, फेरपरीक्षा द्यायला हवी होती की नाही?

भंवरकुआंवाला: नीट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा म्हटलं की आमच्या कोचिंगच्या एरियात हा वाद निघतोच, म्हणून इथेच टाकतो. 4 मे 2025, पेपर दुपारी 2 ते 5, मध्येच वादळ आलं, इंदूर-उज्जैनच्या काही सेंटरांवर लाइट गेली, पोरांनी मेणबत्तीच्या उजेडात गोळे काळे केले. 30 जूनला आपल्या हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाच्या सिंगल बेंचने, म्हणजे एकट्या जजने, सांगितलं की आन्सर की यायच्या आधी, म्हणजे 3 जूनच्या आत ज्यांनी याचिका लावली त्यांचा पेपर परत घ्या. 14 जुलैला डिव्हिजन बेंचने, म्हणजे दोन जजांनी, ते फिरवलं, सुप्रीम कोर्टानेही मग हात घातला नाही. माझं मत साफ आहे, फेरपरीक्षा द्यायलाच हवी होती. पोरांची चूक नाही हे सगळेच म्हणतात आणि वर्ष मात्र पोरांचंच जातं.

निवृत्त_मास्तर: वाईट सगळ्यांनाच वाटतं हो, पण देशभरात वीसेक लाख मुलं, एक दिवस, एकच पेपर, त्यावर रँक. थोड्या मुलांना दुसरा पेपर दिला आणि तो सोपा निघाला तर? जेईईत शिफ्ट असतात म्हणून पर्सेंटाइल काढतात, नीटमध्ये ती सोयच नाही. मग लातूरच्या नाहीतर कोट्याच्या मुलाने कोर्टात जायचं का?

कोर्टकचेरी: मास्तर, 2024 विसरलात. वेळ वाया गेला म्हणून 1563 जणांना ग्रेस मार्क दिले, बोंब झाली, ते काढले आणि 23 जूनला त्यांची परत परीक्षा घेतली, 813 जण बसलेही. वेगळा पेपर, तरी लिस्ट एकच लागली ना? तेव्हा जमलं. त्यामुळे जमत नाही हे कारण मला पटत नाही, द्यायचं नाही म्हणा हवं तर.

निवृत्त_मास्तर: तेव्हाही सगळं गोड झालं होतं असं नाही. आणि परीक्षा घेणाऱ्या एनटीएने आकडे दाखवले, लाइट गेलेल्या सेंटरवरच्या मुलांनी इतरांइतकेच प्रश्न सोडवले होते. डिव्हिजन बेंचने ते मानलं. दुपारची वेळ होती, खिडकीतून उजेड येतोच की.

बारावीची_आई: काका, सरासरीचं काय सांगता! खिडकीपाशी बसलेलं पोर आणि कोपऱ्यात भिंतीला लागून बसलेलं पोर, दोघांची सरासरी काढली तर उजेड बरा होता असंच निघणार, पण कोपऱ्यातल्याने फिजिक्सच्या आकृत्या कशा बघितल्या असतील ते कोणत्या आकड्यात येतं? आणि 180 प्रश्न 180 मिनिटांत, दहा मिनिटं हातची गेली की पोर घाबरतं, गोळे एक लाइन खाली सरकतात. सिंगल बेंचच्या जजसाहेबांनी कोर्टरूमचे दिवे बंद करून बघितलं होतं, निदान तेवढं तरी कोणी केलं.

पोहे_उसळ: व्यापमंच्या, म्हणजे परीक्षा घोटाळ्याच्या, राज्यात लाइटवर भांडताय भिया 😂

कोर्टकचेरी: व्यापमं चोरी होती, इथे कोणी चोरी केलेली नाही, मिसळू नका.

राजवाड्याचा_नातू: मला दोन्हीकडचं अर्धंअर्धं पटतं, म्हणून शिव्याही दोन्हीकडून खाणार. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणारं शहर, लग्नाच्या गार्डनमध्ये दोन-दोन जनरेटर उभे, आणि डॉक्टर ठरवणाऱ्या परीक्षेला मेणबत्ती. टोळीने पेपर फोडला तर 2024 च्या कायद्यात 10 वर्षांपर्यंत कैद आणि किमान 1 कोटी दंड आहे, चांगलंच आहे, पण बॅकअप न ठेवणाऱ्याला कोणी जाब विचारला? जॅमर बसतो, सीसीटीव्ही बसतो, मुलीच्या कानातली रिंग काढून ठेवायला लावतात, म्हणजे सगळा बंदोबस्त पोरावर नजर ठेवायला, त्याला नीट लिहिता यावं म्हणून काहीच नाही.

निवृत्त_मास्तर: हे शंभर टक्के मान्य. जनरेटर कंपल्सरी करा, त्याशिवाय सेंटर देऊच नका. पण मागचं उकरून काय मिळणार?

भंवरकुआंवाला: मागचं नाहीये ते काका. ड्रॉप घेतलेली पोरं इथेच पीजीत राहतात, घरून परत वर्षाची कोचिंग फी भरलीय, त्यांना जाऊन सांगा उकरू नका म्हणून.

बारावीची_आई: फी तरी परत द्यायला लावायची होती एनटीएला, पेपर नाही तर नाही.

निवृत्त_मास्तर: ही मागणी कोणी कोर्टात केली असती तर मी सही केली असती.